वाढवलेलं दुकान

माझ्या बडे अब्बांनी माझ्या अब्बांना फसवलं. थोरल्या भावानं धाकट्याला फसवलं, ऐन दिवेलागणीला, गावातल्या चार शहाण्या माणसांसमोर, आणि एकही खोटा शब्द न बोलता. खोटं बोलून फसवणारे मी आयुष्यभर पाहिले. चाकणच्या पट्ट्यात धंदा करायचा म्हणजे ते रोजच भेटतात आणि त्यांचं काय करायचं ते मला चांगलं ठाऊक आहे. खरं बोलून फसवणारा मात्र एकच पाहिला आणि तो आमच्याच घरातला निघाला. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण आमच्या नात्यात ही गोष्ट निघाली की लोक घसा खाकरतात आणि "वीज आली अन् बिचाऱ्या उस्मानचा धंदा बसला" एवढं म्हणून मोकळे होतात. उस्मान म्हणजे माझे अब्बा. विजेनं त्यांचं काही नेलं नाही. विजेच्या सामानावर तर मी पिंपळे गुरवमध्ये दुकान उभं केलं, दोन पोरींची लग्नं केली आणि आज कंपन्यांच्या शेडमध्ये दिवे लावायची कामं घेते. ज्यानं नेलं त्याचं नाव करीम, आणि ज्याच्या देखत नेलं तो अजून जिवंत आहे.

आमचं घर कुरुळीत. आज त्या गावात रात्र म्हणून काही उरलेलं नाही. तिन्ही शिफ्टच्या बसगाड्या, कामगारांच्या खोल्यांतल्या ट्यूबलाइटी आणि कंपन्यांच्या कुंपणावरचे झोतदिवे यांनी आभाळ पिवळं होऊन गेलेलं असतं. माझ्या लहानपणी सूर्य मावळला की घर लहान व्हायचं. दिवसा ज्याला आम्ही दोन खण आणि पडवी म्हणायचो, ते संध्याकाळनंतर दिव्याच्या उजेडाएवढंच उरायचं. एक चिमणी चुलीजवळच्या कोनाड्यात, एक उंबऱ्याच्या आतल्या खुंटीला. चिमणी म्हणजे पत्र्याचा छोटा दिवा. पोटात रॉकेल, झाकणातून वर आलेली नळी, नळीत सुती वात, काच वगैरे काही नाही. काचेचा कंदील घरात एकच होता आणि तो पाहुण्यांचा, बाळंतपणाचा आणि रानात जाणाऱ्याचा. आम्हा भावंडांना अभ्यासाला चिमणीच मिळायची. तिच्याभोवती डोकी एकत्र करून बसायचं, आणि सकाळी नाक शिंकरलं की काजळी निघायची. शाळेत गुरुजी नुसतं नाक बघून सांगायचे, काल कुणी अभ्यास केला आणि कुणी नाही ते. एका हुशार पोरानं म्हणे अभ्यास न करता नाकाला काजळ लावून यायला सुरुवात केली होती. तो पुढे ठेकेदार झाला, यात मला नवल वाटत नाही.

उजेड थोडा म्हणून जेवणसुद्धा त्याच्या हिशेबानं ठरायचं. इंद्रायणीचे मासे आमच्या घरी सकाळीच व्हायचे, संध्याकाळी कधीच नाही, कारण चिमणीच्या उजेडात काटा दिसत नाही. रात्रीला हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, फार तर वांगं. तांदूळ उन्हं असतानाच निवडून ठेवायचा. रॉकेलला हात लावलेल्या माणसानं पिठाला हात लावायचा नाही हा अम्मीचा कायदा होता, आणि तो मोडला गेला की भाकरीचा पहिला घास घेताच अब्बा म्हणायचे, "आज भाकरीच पेटव, दिव्याची गरज नाही." अम्मी चिडायची, आम्ही हसायचो, आणि भाकरी सगळेच खायचे.

शेजारच्या घरात समई लागली की भिंतीपलीकडून पोरांचा परवचा ऐकू यायचा. मग अम्मी डोक्यावर पदर घेऊन आमची चिमणी लावायची आणि दिव्याला सलाम करायची. आम्ही अम्मीला सलाम करायचो. दिवा लावायचा शब्द सरळ होता. दिवा विझवायचा शब्द मात्र सरळ नव्हता, आणि या प्रकरणातलं सगळं दुखणं त्या शब्दात आहे. आमच्या गावात दिवा 'विझव' असं कुणीही म्हणत नसे. ते अभद्र. शेजारी म्हणायचे 'दिवा मोठा कर'. आमच्या घरच्या दखनी बोलीत 'दिया बढा', म्हणजे दिवा वाढव. वाढव म्हटलं की पोरानं उठून फुंकर मारायची. बांगडी फुटली तरी ती 'वाढली' म्हणायची. आणि संध्याकाळी दुकानदार फळ्या लावायला लागला की तो दुकान बंद करत नसे, दुकान 'वाढवत' असे. माझे अब्बा रोज दिवेलागणीला हातोडी खाली ठेवून हेच म्हणायचे, "चला, वाढवा दुकान." माझ्या नातवंडांना हे सांगितलं तर ती म्हणतात, "आजी, हे तर उलटंच झालं." झालंच की. तेच तर सांगतेय.

दुकान होतं नाशिक रस्त्याला लागून, माझ्या आजोबांनी उभी केलेली पत्र्याची शेड. आजोबा गेले तेव्हा वाटणी अशी झालीच नाही. दोघं भाऊ मिळून चालवत होते. मागच्या बाजूला अब्बा बसायचे, पुढे बडे अब्बा. तेलाचे रिकामे डबे यायचे, अब्बा ते उघडून पत्रा सपाट करायचे, कात्रीनं गोल कापायचे, ऐरणीवर कड मुडपायचे आणि कथलाचा डाग देऊन जोडायचे. कथील वितळताना नवसागराचा पांढरा धूर निघायचा. तो वास मला आजही कुठे आला तर मी थांबते. त्या हातोडीचा आवाज घरापर्यंत यायचा. ठक-ठक-ठक, मग थांबा, मग एकच हलका ठोका. तो शेवटचा ठोका आला की एक दिवा तयार झाला असं अम्मी चुलीपाशी बसून ओळखायची. अब्बांच्या चिमणीला बूड रुंद असायचं आणि बाजूला बोट घालायला एक छोटा कान असायचा. पोरानं धक्का दिला तरी ती कलंडत नसे. आसपासच्या गावांत लोक "कानाची चिमणी द्या" असंच मागायचे.

बाजारच्या दिवशी चाकणला पाल टाकून बसायचं काम माझं. मी तेव्हा सातवीतून नुकतीच बाहेर पडले होते आणि माझ्या तोंडाला लगाम नव्हता, त्यामुळे अब्बांनी ओळखलं की ही पोर घरात भांडण्यापेक्षा बाजारात भांडलेली बरी. एकदा खालच्या वाडीच्या एक आजीबाई आल्या. चिमणी हातात घेऊन उलटी-पालटी केली आणि म्हणाल्या, "गळती न्हाई न्हवं? मागल्या टायमाला एकाकडनं घेतली, तर निम्मं राकेल कोनाड्यानंच प्यालं."

मी म्हटलं, "आजी, पाणी भरून बघा."

"पाण्याचं काय सांगती? पानी न्हाई गळत तिथं राकेल गळतंय."

हे अगदी खरं होतं, पण मी ते कबूल करणार नव्हते. मी रॉकेलच भरलं, झाकण आवळलं, नळीवर अंगठा दाबून दिवा उलटा केला आणि त्यांच्या कोऱ्या लुगड्यावर धरला. आजीबाई किंचाळल्या, "अगं ए भवाने, लुगडं नवं हाय माजं!"

"थेंब पडला तर लुगडं मी भरून देते. न पडला तर दोन चिमण्या घ्यायच्या."

सगळा बाजार बघायला गोळा झाला. थेंब पडला नाही. आजीबाईंनी दोन घेतल्या, आणि जाताना म्हणाल्या, "मुसलमानाची लेक हाईस व्हय? माज्या सुनेला तुज्याकडं शिकाया धाडते." त्या दिवशी मी शिकले की माल चांगला असेल तर माणसानं आवाज चढवावा, आणि माल वाईट असेल तर घरी बसावं. आजही एखाद्या कंपनीचा खरेदीवाला साहेब मला दरात खाली ओढायला लागला की मी दिवा टेबलावर आपटून दाखवते. साहेब दचकतो, दिवा फुटत नाही, आणि बोलणं जागेवर येतं.

बडे अब्बांचा स्वभाव याच्या उलट. त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. गिऱ्हाईक चिडलं तर ते हसायचे, बसायला पोतं द्यायचे, पान द्यायचे. अब्बा थोरल्या भावाला बापाच्या जागी मानायचे. त्यांच्यासमोर विडी ओढायचे नाहीत, त्यांच्या बोलण्यावर दुसरा प्रश्न विचारायचे नाहीत. व्यवहारात दुसरा प्रश्न न विचारणारा माणूस मला नंतर हजारदा भेटला. त्याला मी स्वतःच सांगते, "भाऊ, विचारा की अजून एकदा." माझ्या अब्बांना असं सांगणारं कुणी नव्हतं.

मग खांब आले. रस्त्यानं आधी खड्डे झाले, मग लोखंडी खांब उभे राहिले आणि पुष्कळ दिवस तारेविना तसेच उभे होते. म्हाताऱ्या माणसांनी त्यांना जनावरं बांधायला सुरुवात केली. वीज येणार हे ठरलेलं होतं, आणि गावात जो तो अब्बांकडे बघून हळहळायचा. अब्बांना त्याचं हसू यायचं. ते म्हणायचे, तार येईल, तारेतून वीज कधी येईल कधी नाही, अन् नाही आली की लोक कानाची चिमणीच शोधतील. त्यांचं म्हणणं पुढे अक्षरशः खरं ठरलं. वीज आल्यावर कितीतरी वर्षं ती पावसाळ्यात रोज जायची आणि आमच्या चिमण्या खपत राहायच्या. धंदा बुडणार नव्हता. हे अब्बांना कळत होतं, आणि माझा ठाम समज आहे की बडे अब्बांनाही कळत होतं.

एका सकाळी बडे अब्बा आमच्या पडवीत चहाला आले. सोबत त्यांचा मुलगा सलीम होता, माझ्याच वयाचा. अम्मीनं गुळाचा चहा केला होता आणि सलीम बशीतल्या चहात बेकरीचं कडक बटर बुडवून खात होता. मी तिथेच बसून कंदिलाची काच राखेनं पुसत होते. माझा हात बारीक, म्हणून ते काम कायम माझ्याकडे. बडे अब्बा म्हणाले, "उस्मान, माझ्या मनात दुकान वाढवायचं आहे. विजेचं सामान ठेवू. बल्ब, होल्डर, वायर. तुझे दिवेही राहतील. मागचं तू बघ, पुढचं मी बघतो." अब्बांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, भाईजान." अम्मीनं आतून विचारलंसुद्धा की जागा पुरेल का, आणि बडे अब्बा हसून म्हणाले, "भाभी, मागे अजून दोन पत्रे टाकू." हे सगळं मी कानांनी ऐकलं. सलीमनंही ऐकलं. त्याचं बटर तुटून बशीत पडलं होतं आणि तो ते बोटानं काढत होता, इतकं मला ते चित्र स्पष्ट आठवतं.

पुढच्या दिवसांत मी दुकानात पत्र्याचे तुकडे आणायला गेले, तर वरच्या फळीवर एक खोकं दिसलं. गवतात गुंडाळलेले काचेचे बल्ब. मी तोवर बल्ब हातात घेतलेला नव्हता. एक उचलून कानाशी हलवला. आतली तार अगदी बारीक किणकिणली. बडे अब्बा म्हणाले, "हळू, बेटा, तो वाढेल." म्हणजे फुटेल. मी जपून परत ठेवला. तेव्हा मला फार आनंद झाला होता. वाटलं, आता आमचं दुकान चाकणच्या दुकानांसारखं होणार.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी बडे अब्बांनी शंकरतात्यांना दुकानावर बोलावलं. तात्या गावातलं वडीलधारं माणूस, त्यांच्या शब्दावर बांध सरकायचे. शेजारचा शिंपी नामदेवकाका होता, आणखी एक-दोघं रस्त्यानं जाता जाता थांबले. दिवेलागण झाली होती. मी अब्बांसाठी घरून पेटती चिमणी घेऊन आले होते. अब्बा हत्यारं आवरत होते. बडे अब्बा सगळ्यांदेखत म्हणाले, "तात्या, आम्ही भावाभावांनी ठरवलंय, दुकान वाढवायचं. पुढचं मी बघतो. उस्मान, तुझ्या तोंडानं सांग, म्हणजे उद्या कुणी नाव ठेवायला नको."

अब्बांनी हात पुसले आणि हसत हसत म्हणाले, "वाढवा की! अल्लाचं नाव घ्या अन् वाढवा."

"पुढचं मी बघायचं, हे कबूल?" बडे अब्बांनी विचारलं.

"कबूल. तुमच्याशिवाय कोण बघणार?"

तात्या म्हणाले, "बरं झालं बाबांनो. तंटा न्हाई, बखेडा न्हाई. असं पायजे." नामदेवकाकानं मान हलवली. अब्बांनी माझ्या हातातली चिमणी घेतली, फळ्या लावल्या आणि सवयीनं म्हणाले, "चला, वाढवा." मी फुंकर मारली. घरी येईपर्यंत अब्बा गुणगुणत होते. अम्मीला म्हणाले, भाईजाननी चार माणसांत मला विचारून केलं, असा भाऊ कुणाला मिळतो?

सकाळी दुकानाला वेगळं कुलूप होतं. अब्बांची ऐरण, कात्री, हातोड्या आणि कथलाची कांडी एका पोत्यात भरून आमच्या पडवीत आणून ठेवलेली होती. अब्बांना वाटलं, आत पत्रे टाकायचं काम सुरू झालं असेल म्हणून सामान हलवलं. ते भावाकडे गेले. मी मागून गेले. बडे अब्बा ओट्यावर दात घासत होते. शांतपणे चूळ भरून म्हणाले, "दुकान तर काल वाढवलं ना, उस्मान? तूच म्हणालास. आता त्या जागेचं पुढचं मी बघायचं, हेही तूच कबूल केलंस. घर तुला ठेव, मी मागत नाही."

अब्बांना ते समजायला वेळ लागला. मला लागला नाही, मी तिथेच पेटले. पण त्यांनी माझा हात धरला आणि आम्ही तात्यांकडे गेलो. बडे अब्बाही आले, सलीमला घेऊन. तात्यांनी सगळं ऐकलं. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी अब्बांना विचारलं, "उस्मान, दिवेलागणीला, फळ्या लावायच्या टायमाला, दुकान वाढवा म्हटलं तर त्याचा अर्थ काय हुतो रं? तू रोज हेच म्हणतुस. आमी काय समजायचं?"

तात्या खरं बोलत होते. सकाळी चहावर तोच शब्द दुकान मोठं करायचा होता आणि संध्याकाळी चार माणसांत तो दुकान मिटवायचा झाला. 'पुढचं' म्हणजे सकाळी दुकानाची पुढची बाजू होती आणि संध्याकाळी ते जागेचं भविष्य झालं. बडे अब्बांनी शब्द बदललाच नव्हता. फक्त वेळ बदलली होती. मी पुढे सरकले. मोठ्या माणसांत मुलीनं बोलायची रीत नव्हती, पण रीत त्या दिवशी आमच्या कामाची उरली नव्हती.

"तात्या, दुकान मिटवायचं होतं तर फळीवर बल्ब कुणासाठी आणून ठेवले होते?"

"पोरीची जीभ लांब झालीय," बडे अब्बा म्हणाले. "ते माझ्या नव्या दुकानाचे."

"मग त्या सकाळी चहावर तुम्ही अब्बांना काय म्हणालात? दुकान वाढवू, तुझे दिवेही राहतील, मागे दोन पत्रे टाकू. अम्मीनं ऐकलं, मी ऐकलं."

"बायकापोरींनी ऐकलं!" बडे अब्बा हसले, आणि तात्याही थोडे हसले. त्या हसण्याचा राग मी अजून सोडलेला नाही.

मी सलीमकडे बोट दाखवलं. "हा पण होता. ह्याला विचारा."

तात्यांनी विचारलं, "काय रं सलीम, तू हुतास ना? तुझा बा काय म्हनला?" सलीमनं बापाकडे पाहिलं. बडे अब्बांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते आपल्या टोपीची कड सारखी करत होते. सलीम म्हणाला, "मला नाय ठाऊक. मी बटर खात होतो."

सगळे हसले. अब्बासुद्धा हसले, तेच मला सहन झालं नाही. मी तिथे काय काय बोलले ते लिहिण्याजोगं नाही. अब्बांनी मला ओढत बाहेर काढलं आणि रस्त्यात एवढंच म्हणाले, "बस, रशिदा. भाऊ आहे तो माझा." मी म्हटलं, "तुमचा भाऊ असेल. माझं गिऱ्हाईक आहे, आणि माझ्याशी खोटं वागलंय." मला तेव्हा हे कसं सुचलं कुणास ठाऊक, पण पुढचं सगळं आयुष्य मी त्याच वाक्यावर काढलं.

अब्बा खचले वगैरे असं कुणी समजू नये. दुसऱ्या दिवशी पडवीत ऐरण बसली आणि ठक-ठक सुरू झाली. मी चाकणबरोबर आणखी बाजार धरले, दापोडीपर्यंत माल नेला, तिथल्या रेल्वेलगतच्या चाळींत अर्ध्या घरांना तेव्हाही वीज नव्हती आणि कानाच्या चिमणीला तिथे मरण नव्हतं. मग मीच बल्ब विकायला घेतले. बडे अब्बांच्या दुकानातून नाही, थेट पुण्याच्या घाऊक पेठेतून. फक्त एक गोष्ट आमच्या घरात कायमची बदलली. जेवणं झाल्यावर अब्बा चिमणीकडे बघून म्हणायचे, "दिवा विझव." पहिल्यांदा ते ऐकून अम्मी तोंडावर हात ठेवून म्हणाली, "या अल्ला, असं काय बोलता?" अब्बा म्हणाले, "अपशकुन व्हायचा तो होऊ दे. शब्दाला एकच तोंड बरं." त्यांनी मरेपर्यंत दुकान 'बंद' केलं आणि दिवा 'विझवला'. गावात लोक त्यांना विचित्र म्हणायचे.

मीही त्याच वळणावर गेले. माझ्या दुकानात 'बघू', 'करून टाकू', 'पुढचं पुढे' हे शब्द चालत नाहीत. एका कंपनीच्या तरुण साहेबानं मला एकदा म्हटलं, "मॅडम, ऑर्डर वाढवू आपण." मी विचारलं, "वाढवू म्हणजे काय, ते नीट सांगा." तो गोंधळला. माझा पोरगा मला कोपरानं ढोसत होता. ढोसू दे. त्याच्या आजोबांना ढोसणारं कुणी नव्हतं.

आता हे सगळं लिहायला का बसले ते सांगते. बडे अब्बा गेले, तात्या गेले, नामदेवकाका गेला, माझे अब्बा आणि अम्मी गेले. राहिले मी आणि सलीमभाई. त्या जागेवर आता सलीमभाईचं मोठं दुकान आहे, वर दोन मजले, खाली काचेची दारं. दर ईदेला तो शीरखुर्मा पाठवतो, मी डबा रिकामा परत पाठवत नाही. भांडण नाही. मागच्या महिन्यात तो स्वतः माझ्या दुकानात आला. केस पांढरे, गुडघे दुखतात, पण हसणं अगदी बापाचं. खुर्चीत बसून म्हणाला, "रशिदा, दुकानाला नवी पाटी लावायचीय. रात्री लांबून दिसेल अशी, उजेडाची. तुझ्याशिवाय कुणाकडे जाऊ? घरचं काम आहे."

मी विचारलं, "पाटीवर काय लिहायचं?"

त्यानं कागद काढला. दुकानाचं नाव, आणि खाली: संस्थापक, करीमभाई.

"एकच नाव?"

"अब्बांनीच तर उभं केलं, रशिदा."

"शेड आपल्या आजोबांनी उभी केली. दिवे माझ्या अब्बांनी केले. तुझ्या अब्बांनी फक्त वाढवलं."

तो हसला. "तेच म्हणतो मी. वाढवलं."

त्याला कळलं नाही तो काय बोलला ते. किंवा कळलं असेल. त्याच्या चेहऱ्यावरून मला कधीच ओळखता आलेलं नाही, आणि मी चेहरे ओळखून पोट भरते. मी त्याला दर सांगितला नाही. चहा पाजला, सोबत बटर ठेवलं. त्यानं बटर बशीत बुडवलं, एकदम हात थांबला, आणि मग त्यानं ते तसंच खाली ठेवलं. एवढं मला पुरे झालं. तो विसरलेला नाही.

तर सलीमभाई, हे प्रकरण तू वाचशील, कारण मी स्वतः तुझ्या हातात देणार आहे. पाटी मीच करून देईन, आणि एक पैसा घेणार नाही. माझ्या आयुष्यात हे वाक्य मी दुसऱ्या कुणाला म्हटलेलं नाही. पाटीवर उस्मान हे नाव करीमच्या शेजारी येईल, त्याच उंचीचं. पण त्याआधी तू दुकानाच्या दारात उभा राहा. दिवेलागणीची वेळ धर, तुझ्या बापानं धरली होती तीच. चार माणसं मी आणते. तात्यांचा नातू येईल, नामदेवकाकाचा मुलगा येईल, माझी पोरं येतील, तुझीही येऊ देत. मी सगळ्यांसमोर तोच प्रश्न विचारेन जो तात्यांनी विचारला होता: त्या सकाळी आमच्या पडवीत, चहावर, तुझा बाप काय म्हणाला? तू तिथे होतास. आता तुला कुणाकडे बघायचं नाही आणि तुझ्या तोंडात बटरही नाही. उत्तर दे. आणि उत्तर देताना शब्द असा वापर की त्याचा एकच अर्थ निघेल.